पांढऱ्या कडेच्या जेडला घरात उजेड किती लागतो?

प्रश्न: घणसोलीत सातव्या मजल्यावर राहते. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची उत्तरेला. जानेवारीत हौसेने व्हेरिगेटेड (म्हणजे पांढऱ्या कडेच्या पानांचं) जेड आणलं. नर्सरीत म्हणाले, इनडोअर आहे, ऊन लागत नाही. म्हणून टीव्हीच्या बाजूला ठेवलं. मार्चपर्यंत फांद्या लांबट झाल्या, पानं गळायला लागली. एप्रिलमध्ये बाहेर ग्रिलमध्ये ठेवलं, तर चार दिवसांत पांढऱ्या कडा करपल्या. आता एक फांदी पूर्ण हिरवी फुटलीय आणि एक पूर्ण पांढरी. ग्रो लाईट (झाडांसाठीचा दिवा) घेऊ का? की हे झाड घरात ठेवायचंच नाही?

उत्तर:

ताई, झाड घरात ठेवता येईल, आणि तुमच्या पश्चिमेच्या खिडकीतच ठेवता येईल. फक्त बाहेर ग्रिलमध्ये नाही. काचेच्या आत, काचेपासून हातभर मागे, आणि मध्ये पांढरा नेटचा पडदा. हिरवी फांदी आजच कापा. पांढरी तूर्त राहू द्या. ग्रो लाईटचं पावसाच्या तोंडावर बघू. आत्ता मे महिन्यात तुमच्याकडे उजेड भरपूर आहे आणि फुकट आहे.

पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण जागा ठरली तरी ऋतू बदलतो आणि पुन्हा तोच घोळ होतो. मी ठाण्यात पाचपाखाडीला गच्चीवर गेली बावीस वर्षं सक्युलंट (पाणी साठवणाऱ्या जाड पानांची झाडं) वाढवते, विकते, आणि लोकांच्या घरी जाऊन कुठलं झाड कुठल्या खिडकीत बसेल ते बघून देते. महिन्याला चार-पाच जण तुमच्यासारखी लांबट, टकली झालेली फांदी हातात घेऊन येतात. प्रत्येकाला कुणीतरी 'इनडोअर' सांगितलेलं असतं. मुळात घरात जन्मलेलं झाड कुठलंच नाही. काही झाडं घरातला उजेड सोसतात, एवढंच. सोसणं आणि वाढणं यांत फरक आहे, आणि सक्युलंटच्या बाबतीत हा फरक दिसायला दोन महिने लागतात, कारण जाड पानांत साठवलेल्या शिदोरीवर ते तेवढे दिवस काढतं. तुमच्या झाडाने जानेवारी आणि फेब्रुवारी असे काढले.

तुमचं झाड म्हणजे पोर्टुलाकारिया आफ्रा, मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. आपल्याकडे नर्सऱ्यांत त्यालाही सरसकट जेड म्हणतात. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं मोठी आणि गुबगुबीत. पोर्टुलाकारिया तिकडे उघड्या, कोरड्या उतारांवर पुरुष-दोन पुरुष उंच झुडूप होतं आणि हत्ती त्याचा पाला खातात. उन्हाचंच झाड आहे ते. त्याची पांढऱ्या कडेची जात जरा नाजूक, पण आई तीच.

आता उजेडाबद्दल. या कामात आपला डोळा आपल्याला फसवतो. बाहेरून घरात आलो की क्षणभर अंधारल्यासारखं होतं, मग डोळ्याची बाहुली मोठी होते आणि खोली लख्ख वाटायला लागते. झाडाला बाहुली नसते. निरभ्र दुपारी उघड्या गच्चीवर साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. त्याच वेळी बाहेर झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत १० ते २० हजार. खिडकीच्या कट्ट्यावर, थेट ऊन नसताना, २ ते ५ हजार. आणि तुमच्या टीव्हीच्या बाजूला, खिडकीपासून आठ-दहा फूट आत, १०० ते ३००. आपल्याला तिथे पेपर वाचता येतो म्हणून आपण म्हणतो, 'उजेड चांगला आहे.' झाडाच्या लेखी ती रात्र असते.

फोनमध्ये लक्स मीटरचं एखादं फुकट ॲप घ्या. सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून फोन झाडाच्या शेंड्यापाशी, स्क्रीन उजेडाकडे करून धरा. आकडा काटेकोर नसतो, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरेसा असतो. फोनही नको असेल तर जुनी युक्ती आहे: दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी, कडा धारदार दिसत असतील तर तिथे ऊन आहे. सावली दिसते पण कडा पुसट, तर तो चांगला विखुरलेला उजेड. सावली शोधावी लागत असेल तर तिथे फ्लॉवरपॉट ठेवा, झाड नको.

दुसरी गोष्ट, उजेड किती प्रखर आहे एवढंच बघून चालत नाही, तो किती तास मिळतो तेही बघायला लागतं. मी त्याचा साधा गुणाकार करते, लक्स गुणिले तास. तुमच्यासारख्या व्हेरिगेटेड पोर्टुलाकारियाला दिवसाला साधारण १ लाखाच्या आसपास मिळकत झाली की ते माझ्याकडे नीट वाढतं. २५ हजार लक्स चार तास मिळाले तरी १ लाख, आणि १० हजार दहा तास मिळाले तरी १ लाख. टीव्हीच्या बाजूला २०० लक्स बारा तास मिळाले तर होतात २,४००. म्हणजे चाळीस पट कमी. आणि ग्रिलमध्ये एप्रिलच्या दुपारी दोन-तीन तासांतच दोन लाख पार. म्हणजे तुमच्या झाडाला आधी तीन महिने उपास घडला आणि मग एका दिवसात मेजवानी. साधं हिरवं झाडसुद्धा याला तोंड देऊ शकलं नसतं.

पांढऱ्या भागाचं गणित तर आणखी निराळं. हिरव्या पेशींत हरितद्रव्य असतं, त्या अन्न बनवतात. पांढऱ्या किंवा पिवळट पेशींत ते नसतं किंवा अगदी थोडं असतं, त्या नुसत्या खातात. कमावता एक आणि खाणारी चार तोंडं असलेल्या घरासारखं हे झाड. म्हणून त्याच जातीच्या हिरव्या झाडापेक्षा ते हळू वाढतं, आणि म्हणूनच त्याला उजेड कमी पडून चालत नाही. जो थोडा हिरवा भाग आहे त्याला भरपूर काम मिळालं पाहिजे. पण पांढरा भाग जादा उन्हात आधी जळतो. हिरव्या पेशींवर पडलेल्या उजेडातला काही भाग कामी लागतो, आणि जादा उजेड पचवून टाकणारी रंगद्रव्यंही हरितद्रव्याच्या सोबतीला असतात. पांढऱ्याकडे यातलं काहीच नाही. व्हेरिगेटेड झाडाची सगळी अडचण इथे आहे: त्याला उजेडाची गरज जास्त, सोसण्याची ताकद कमी. त्याला उजेड द्यायचा तो जास्त वेळ, पण मऊ. धगधगीत ऊन दोन तास देण्यापेक्षा पडद्याआडचं ऊन पाच तास द्या.

बहुतेक लोक नेमकं उलट करतात. एक गट म्हणतो, पांढरं नाजूक, सावलीत ठेवा. दुसरा म्हणतो, ऊन दिलं की पांढरा रंग वाढतो. उन्हाने नवा पट्टा तयार होत नाही. पट्टा कुठे येणार हे शेंड्याच्या टोकाशी, जिथे नवी पानं घडतात तिथल्या पेशींच्या थरांवर ठरतं. एका थरात हरितद्रव्य करण्याची क्षमता नसते, बाकीच्यांत असते. उन्हाने बदलतो तो रंगाचा उठाव. चांगल्या उजेडात कड स्वच्छ मलईसारखी दिसते, पानाच्या काठावर गुलाबी छटा येते, दांडी तांबूस होते. अंधारात तीच कड मळकट होते. गुलाबी छटा हा पानाने उन्हापासून बचावासाठी घातलेला रंग आहे, सावलीत नेलं की जाते. पट्टा जात नाही.

तुमच्या हिरव्या फांदीचं कारणही त्या थरांतच आहे. कधीतरी थर सरकतात आणि एखादा कोंब पूर्ण हिरवा निघतो. नर्सरीवाले म्हणतात 'रिव्हर्ट झालं'. तो कोंब सगळ्या पेशींनी कमावतो, म्हणून दुप्पट वेगाने वाढतो. अंधारात तर तोच जगण्याच्या शर्यतीत पुढे राहतो, बाकीच्या फांद्या मागे पडतात, आणि वर्षभरात तुम्हाला कळतही नाही की पांढरी कड कुठे गेली. म्हणून म्हटलं, आज कापा. जिथून निघाली त्या सांध्यापासून, खुंट न ठेवता. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. कापलेली फांदी फेकू नका. चार-पाच दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. उत्तम साधं झाड होईल आणि तुमच्या व्हेरिगेटेडपेक्षा आधी मोठं होईल.

पांढऱ्या फांदीचा मोह मला कळतो. ती सुंदर दिसते. पण तिची कटिंग लावायचा विचार करू नका. साठवलेल्या अन्नावर ती महिना-दोन महिने तग धरते, कधी मुळंही सोडते, आणि मग उपाशी मरते. झाडावर ती बाकीच्यांच्या जिवावर जगेल. बोटभर असेल तर ठेवा. लांब व्हायला लागली तर शेंडा खुडा, म्हणजे खाली एखादा हिरवी-पांढरी मिसळ कोंब फुटायची शक्यता राहते. रस्त्यावर विकायला ठेवलेल्या कुंड्यांत दिसणारे लाल-पिवळ्या बोंडाचे निवडुंग आठवा. त्या बोंडात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून त्याला खालच्या हिरव्या निवडुंगावर कलम करून विकतात. कलमाशिवाय ते जगत नाही. तुमच्या पांढऱ्या फांदीची स्थिती तीच, फक्त तिचं कलम निसर्गाने केलंय.

आता खिडक्या. यात मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण आपल्याकडे लोक जे वाचून येतात ते बरंचसं थंड देशांसाठी लिहिलेलं असतं. 'दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम' हे वाक्य लंडनमध्ये खरं आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, मिळेल ते ऊन दक्षिणेकडूनच. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. आपला डिसेंबरचा दुपारचा सूर्यसुद्धा ४७ अंशांवर असतो. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला गेलेला असतो. त्या दोन टोकांचे दिवस म्हणजे आपले शून्य सावलीचे दिवस. म्हणून उत्तरेच्या खिडकीत आत्ता, मे महिन्यात, सकाळ-संध्याकाळ तिरीप येते. तुमच्या बेडरूममध्ये बघा, येत असेल. नोव्हेंबरात ती शोधूनही सापडणार नाही.

दक्षिणेच्या खिडकीवर आपल्याकडे छज्जा असतो. तो दोन फुटांचा धरा. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ७१ अंशांवर, तेव्हा छज्ज्याची सावली जवळजवळ सहा फूट खाली येते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली. डिसेंबरात तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात येतो. अशा खिडकीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी सक्युलंट मजेत राहतात आणि उन्हाळ्यात अर्धपोटी. कुंडी एकाच जागी बारा महिने ठेवणाऱ्यांना हे कळत नाही, आणि मग दोष पाण्याला जातो.

पूर्वेची खिडकी आपल्या हवेत सगळ्यात चांगली. सकाळचं कोवळं ऊन, साडेदहा-अकरापर्यंत, पडद्याची गरज नाही. तुमच्याकडे ती नाही, हरकत नाही. पश्चिमेला दुपारी दोननंतर सूर्यास्तापर्यंत ऊन असतं, उजेड पूर्वेइतकाच, पण तोवर भिंत, ग्रिल, हवा सगळं तापलेलं असतं. लोखंडी ग्रिलच्या तळाचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. त्याच्यावर प्लास्टिकची छोटी कुंडी म्हणजे मुळं शिजवणं. तुमच्या झाडाला उन्हाइतकंच या धगीने मारलं. म्हणून काचेच्या आत. साधी पांढरी काच उजेड फारसा अडवत नाही, नेटचा पडदा प्रखरपणा मोडतो, आणि उजेड पसरून झाडाच्या सगळ्या बाजूंना पोचतो. पान मात्र काचेला टेकू देऊ नका, टेकलेली जागा भाजते. अशा जागी चार-साडेचार तास वीसएक हजार लक्स आणि बाकी दिवस दोन-तीन हजार मिळाले, तर आपला लाखाचा हिशोब जमतो.

अर्थात दिशा हे निम्मं उत्तर. समोरचा टॉवर किती जवळ आहे, काच कसली आहे, डोंगर कुठे आहे, यावर बाकीचं. येऊरच्या पायथ्याला, उपवन-वसंत विहार बाजूला, पश्चिमेचं ऊन डोंगर लवकर गिळतो; तिथे पश्चिमेची खिडकीसुद्धा सौम्य असते. पूर्वेला डोंगर असलेल्या घरांत सकाळचं ऊन उशिरा उतरतं. पाम बीच रोडवरच्या एका घरात मी गडद काचेच्या आत आणि बाहेर फोन धरून बघितला, आत तिसरा हिस्सासुद्धा उजेड नव्हता. मच्छरांची बारीक जाळीही बराच उजेड खाते, विशेषतः धूळ बसलेली. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना मी आधी जाळी धुवायला सांगते, मग झाडाबद्दल बोलू म्हणते. पोर्टुलाकारियाची पानंही ओल्या मऊ फडक्याने पुसा. (एचेव्हेरियासारख्यांच्या पानांवर पांढरी भुकटी असते, ती मात्र पुसायची नसते, ती त्यांची छत्री आहे.)

आता ज्या दोन वेळा आपल्याकडची झाडं सगळ्यात जास्त जळतात त्या सांगते. एक तुम्ही अनुभवली: सावलीतून एकदम एप्रिल-मेच्या उन्हात. दुसरी वेळ ऑक्टोबर. चार महिने ढगांखाली झाडं वाढलेली असतात, पानं कोवळी, पातळ सालीची. पाऊस जातो, आकाश एकाएकी धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि त्याच सुमाराला सूर्य दक्षिणेकडे कलून खिडकीत शिरायला लागतो. कुंडी कुणी हलवलेली नसते, तरी झाड जळतं. माझं हे असंच झालंय. पिवळ्या पट्ट्यांची एक गॅस्टेरिया मी सहा वर्षं सांभाळली होती, दक्षिणेच्या कट्ट्यावर. त्या वर्षी नवरात्रात मी आठ दिवस गावाला गेले. जाताना खिडकीत ऊन नव्हतं, म्हणून पडदा ओढला नाही. परत आले तेव्हा कवडसा थेट तिच्यावर होता आणि एका बाजूची सगळी पिवळी पानं कागदासारखी झाली होती. झाड वाचलं, पण ती पानं पुन्हा भरून आली नाहीत. जळका डाग भरून येत नाही, ते पान गळेपर्यंत तो तसाच राहतो. तेव्हापासून घटस्थापनेच्या आधी मी घरातल्या सगळ्या खिडक्यांत एक फेरी मारते आणि पडदे लावते. तुम्हीही हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जळणं आणि कुजणं यात गल्लत करू नका. जळलेला डाग कोरडा, बदामी, कागदी, आणि उन्हाच्या बाजूलाच असतो. कूज ओली, पाणचट, पारदर्शक दिसते आणि बहुतेक वेळा बुंध्याकडून वर चढते. जळलेल्याला सावली द्यायची, कुजलेल्याचं पाणी तोडायचं. करपलेल्या झाडाला 'तहान लागली असेल' म्हणून पाणी घालणं हा शेवटचा घाव असतो. तुमच्या झाडाची जळकी पानं तोडू नका. अर्धं पान हिरवं असेल तर ते अजून कमावतंय.

पावसाळ्याचं सांगते, कारण तुमचा ग्रो लाईटचा प्रश्न तिथे लागू होतो. जून मध्यापासून ढग दाटले की दुपारी बाहेरच पाच-दहा हजार लक्स असतात, तुमच्या खिडकीच्या आत पाचशे-हजार. आपली लाखाची मिळकत दहा हजारांवर येते. त्यात हवा दमट, कुंडी वाळत नाही. अशा वेळी दोनच मार्ग. एक, झाडाला झोपवा: पाणी जवळजवळ बंद, पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही पानं सुरकुतलेली दिसली तरच, खत शून्य. हिरवं झाड असं पावसाळा काढतं. पण व्हेरिगेटेड, त्यातही तुमच्यासारखं आधीच खंगलेलं, लांबट होईल. दुसरा मार्ग दिवा.

महागडे जांभळे दिवे घेऊ नका. त्यांच्याखाली झाडं वाढतात, पण त्या रंगात पानाचा डाग, कीड, पिवळेपणा काहीच नीट दिसत नाही, आणि हॉलमध्ये बसवतही नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब घ्या, ६५०० केल्विनची (म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाची), २० वॉटची, आणि एकाऐवजी दोन शेजारी शेजारी लावा. खोक्यावर वॉटपेक्षा ल्युमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो तो आकडा, बघा. २० वॉटच्या ट्यूबला २,००० च्या आसपास असावेत. झाडाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर. तिथे सहा-सात हजार लक्सपर्यंत मिळतात, आणि बारा तासांचे ऐंशी हजारांच्या आसपास होतात. एवढ्यावर झाड नुसतं तगत नाही, वाढतं. अंतराबाबत चालढकल करू नका: छतावरच्या ट्यूबखाली, पाच-सहा फुटांवर, तोच दिवा जेमतेम दोनशे लक्स देतो. वीज म्हणाल तर दोन ट्यूब बारा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. टायमर लावा, सकाळी सात ते संध्याकाळी सात. रात्रभर चालू ठेवू नका. बरीच सक्युलंट पाणी वाचवण्यासाठी पानांची रंध्रं रात्री उघडतात आणि तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साईड आत घेऊन ठेवतात. कोरडं पडलं की पोर्टुलाकारियाही तसंच वागतं. त्यांना काळोख हवा.

तुमच्या उत्तरेच्या बेडरूमसाठी काही हवं असेल तर पिवळ्या कडेचा स्नेक प्लँट आणा, कमी उजेड सोसणाऱ्यांत तो पहिला. फक्त त्याचं पान कापून लावू नका. त्यातून येणारी पिल्लं साधी हिरवी निघतात, पिवळी कड हवी तर गड्डा फोडूनच लावायला लागतो. खिडकीला अगदी लागून हॉवर्थिया चालेल. पट्ट्यांची घायपात मात्र सोसायटीच्या फाटकाशीच शोभते, घरात नको. आणि व्हेरिगेटेड एचेव्हेरिया, कितीही मोह झाला तरी, पश्चिमेच्या सातव्या मजल्यावर मी तुम्हाला विकणार नाही. आपल्या दमट, उबदार रात्री तिला मानवत नाहीत.

तर या आठवड्यात असं करा. झाड ग्रिलमधून आत घ्या. पहिले चार दिवस खिडकीपासून तीन फुटांवर, नेट पूर्ण लावून. मग दोन फुटांवर. दहाव्या-बाराव्या दिवशी हातभर अंतरावर आणा आणि तिथेच राहू द्या. आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा, नाहीतर सगळा जीव एका बाजूला झुकेल. लांबट फांद्या लगेच छाटू नका. आधी पंधरा-वीस दिवस झाडाला कमावू द्या, नवे कोंब दिसले की मग निम्म्यावर कापा. त्या कटिंगलाही हिरवी-पांढरी कड असेल तर त्या लावा, दोन-तीन हाताशी असलेल्या बऱ्या. माती बघा: बोट दोन पेरं खुपसून ओल लागली तर पाणी नाही. नर्सरीचं नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर त्यात निम्म्याहून जास्त सिंडर (जळक्या कोळशाचे खडे) किंवा जाड रेती मिसळून कुंडी बदला, पण तेही नवे कोंब आल्यावर.

आणि एक मोजमाप ठेवा. आज प्रत्येक फांदीच्या शेवटच्या पानांच्या जोडीखाली दोरा बांधा. त्याच्या वर येणाऱ्या जोड्यांमधलं अंतर महिन्याने पट्टीने मोजा. टीव्हीच्या बाजूला असताना ते तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाऊण इंच दिसतंय. खिडकीत ते अर्ध्या इंचाच्या खाली यायला हवं. आलं तर जागा बरोबर आहे. पाऊण इंचच राहिलं तर पडद्याचा एक थर कमी करा किंवा अर्धा फूट पुढे सरकवा. पानं बुटकी, काठ गडद गुलाबी आणि टोकं कोरडी व्हायला लागली तर मागे घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आकडा मला कळवा. ट्यूब एक पुरेल की दोन, ते त्यावरून सांगते.